दमयंतीमावशीची सही

दमयंती सोहोनीला जपानात येऊन चार वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिचं वय एक्केचाळीस. पुण्यात सहकारनगरच्या एका बालवाडीत तिनं नऊ वर्षं शिकवलं होतं. नवरा विजयकुमार एका बँकेच्या कॉम्प्युटर सिस्टिमवर काम करायला तोक्योला आला, आणि सहा महिन्यांनी मुलीला, नयनाला घेऊन तीही आली. तिथल्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई स्टेशनपासून सायकलनं सात मिनिटांवरच्या एका मोठ्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. पहिली दोन-अडीच वर्षं तिनं कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा हे शिकण्यात आणि संध्याकाळ व्हायची वाट बघण्यात काढली. विजयकुमार साडेनऊच्या आत घरी येत नसे. नयना जवळच्या जपानी शाळेत जायला लागली आणि बघता बघता घरीही जपानीतच उत्तरं द्यायला लागली. दमयंतीला धड बोलायला माणूस उरलं नाही.

अशात २००६ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी स्वरूपा आपटे दारात उभी राहिली. समोरच्याच इमारतीत राहणारी, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करणारी मुलगी. पाठीला लॅपटॉप, पोटाशी बांधलेली दहा महिन्यांची नुपूर. वॉर्डाच्या पाळणाघरात जागा मिळाली नव्हती, यादीत नंबर लागायला वर्ष लागेल म्हणाले होते, आणि तिची रजा आदल्या दिवशी संपली होती.

"ताई, आजचा दिवस सांभाळाल? फक्त आजचा."

तो आजचा दिवस दीड वर्ष चालला. नुपूर दमयंतीच्या घरात पहिलं पाऊल टाकायला शिकली, दमयंतीच्या हातचा मऊ वरणभात खाऊन दात काढती झाली. पुढे वसाहतीतली आणखी दोन मुलं येऊ लागली. पहिल्या महिन्याच्या शेवटी स्वरूपानं पाकीट पुढे केलं तेव्हा दमयंतीनं "अगं, वेडी का तू?" म्हणून हात मागे घेतला होता. दुसऱ्या महिन्याला घेतलं. नाही म्हटलं तरी तिला ते पाकीट आवडायचं. नवऱ्याला न विचारता ती नयनाला हिवाळी कोट घेऊ शकली, आईला चांगला चष्मा करायला पैसे पाठवू शकली. मुलं तिला मावशी म्हणायची आणि त्यांच्या आया रोज संध्याकाळी दारात दोन मिनिटं थांबून दिवसभराचं विचारायच्या. बालवाडी सुटल्यापासून आपल्याला कुणी काही विचारत नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं.

२००७ च्या सप्टेंबरात एका शुक्रवारी स्वरूपा नुपूरला न्यायला आली, ती बूट काढून आत येऊन बसली. एरवी ती दारातूनच पळायची. तिनं पर्समधून घडी केलेला एक कागद काढून टेबलावर पसरला.

"ताई, आमच्या कंपनीनं नवी सवलत काढलीय. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना सांभाळण्याचा निम्मा खर्च कंपनी देणार. एप्रिलपासूनचा. फक्त सांभाळणाऱ्या बाईचं नाव, पत्ता, परदेशी लोकांच्या कार्डाचा नंबर आणि सही हवी. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत."

दमयंतीनं कागदाकडे पाहिलं. रकाने जपानीत होते. "हा कागद जातो कुठं?" तिनं विचारलं.

"आधी आमच्या ऑफिसात. मग वर्षाअखेरीच्या टॅक्सच्या कागदांबरोबर जातो, असं तिथली मुराता-सान म्हणाली. का हो?"

"काही नाही. ठेवून जा."

स्वरूपा उठली नाही. नुपूर तिच्या मांडीवर चढून तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळत होती. "ताई, एक सांगते. आदित्यचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तो गेल्या महिन्यात पुण्याला गेलाय, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं होतं, दोन महिन्यांत परत येईल. आता तिकडचीच नोकरी धरतोय. इथं मी एकटी. घरभाडं, तुमचे पैसे, सगळं माझ्या पगारात. आईचं म्हणणं, नुपूरला पुण्याला आणून सोड. तीन वर्षांची होईपर्यंत ती सांभाळेल." ती थांबली. "ही सवलत मिळाली तर मला ते करावं लागणार नाही."

ती गेल्यावर दमयंतीनं कागद फ्रिजवर ठेवला. मग तिथून काढून कपाटात, चादरींच्या खाली सारला.

ती घाबरली त्याला कारण होतं. तिचा व्हिसा होता नवऱ्याबरोबर राहण्याचा. कमाई करायची तर वेगळी परवानगी काढावी लागते, हे तिनं ऐकलं होतं. काढली नव्हती, कारण आपण करतो ते काम आहे, असं तिनं स्वतःशीच कधी कबूल केलं नव्हतं. दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. दर नोव्हेंबरला विजयकुमार ऑफिसात करासाठी एक फॉर्म भरायचा. बायको घरीच असते, तिचं उत्पन्न शून्य, असं त्यात लिहायचा. त्यापायी त्याचा कर कमी व्हायचा. आता स्वरूपाच्या कागदावर तीच बायको दर महिन्याला पैसे घेते असं लिहून येणार होतं. आणि जानेवारीत तिघांचा व्हिसा नवा करायचा होता.

रविवारी सकाळी नयना लायब्ररीत गेल्यावर तिनं विजयकुमारला कागद दाखवला. तो वाचताना त्याचा चहा तसाच राहिला.

"मी फॉर्मवर शून्य लिहिलं तेव्हा तू काही घेत नव्हतीस," तो म्हणाला.

"पहिल्या वर्षी नव्हते घेत. गेल्या नोव्हेंबरला घेत होते."

"मला वाटलं भाजीपाल्याचे देतात थोडेफार."

"तुम्ही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही."

विजयकुमार शांत माणूस होता. चिडला की आणखी शांत व्हायचा. त्यानं कागद उलटा ठेवला. "सही करायची नाही. तोंडी काय ते सांग. मावशी आहे, हौसेनं सांभाळते म्हण. जानेवारी होऊ दे, मग बघू."

"जानेवारीपर्यंत नुपूर पुण्याला गेलेली असेल."

"दमयंती, त्यांची मुलगी आहे ती."

ती उठून मुलांच्या चटया वाळत घालायला बाल्कनीत गेली.

सोमवारी तिनं स्वरूपाला सांगितलं की सही जमणार नाही. कारण सांगताना तिची जीभ अडखळली, पण सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तू आता पैसेच देऊ नकोस. आदित्यचं ठरेपर्यंत मी नुपूरला अशीच सांभाळते. मला जड नाही."

स्वरूपाचा चेहरा आधी पडला आणि मग ताठ झाला. "नको ताई. फुकट नको. ट्रेन लेट झाली की मी रोज तुम्हाला फोन करते, आणखी अर्धा तास ठेवा म्हणून. मग तो फोन मी कुठल्या तोंडानं करू?"

"अगं, त्यात काय?"

"त्यातच सगळं आहे." तिनं नुपूरचे बूट उचलले. "तुमची नुसती सही हवी होती. कुणी तपासायला येत नाही हो इथं."

दोघींचं बोलणं त्या दिवसापासून कमी झालं. स्वरूपा सकाळी मुलगी आत सोडून "येते" म्हणायची आणि जिना उतरायची. दमयंती संध्याकाळी दिवसभराचं सांगायला तोंड उघडायची, तोवर ती वळलेली असायची.

आणि मग तो गुरुवार आला. सकाळचे अकरा वाजले होते. तिन्ही मुलं जेवायला बसली होती. बेल वाजली. दमयंतीनं दाराच्या भिंगातून पाहिलं. निळ्या गणवेशातला एक माणूस उभा होता, हातात पॅडला लावलेले कागद. स्वरूपानं तो कागद सही नसताना दिला असेल? ऑफिसातून कुणी फोन केला असेल? बाहेर दाराशी मुलांची ढकलगाडी उभी होती, ती त्यानं पाहिलीच असणार.

तिनं ताटं तशीच ठेवली. मुलांना आतल्या खोलीत नेलं, सरकतं दार लावून घेतलं आणि अंधारात त्यांना जवळ घेऊन खाली बसली. "चूप हं. गंमत करतोय आपण. कुण्णी बोलायचं नाही." बेल पुन्हा वाजली. माणूस काहीतरी मोठ्यानं म्हणाला, ते तिला नीट कळलं नाही. नुपूरच्या तोंडात घास होता. तिला ठसका लागला. दमयंतीनं तिच्या तोंडावर हात धरला. नुपूरनं खोकायचा प्रयत्न केला, तिचं अंग आखडलं, डोळे मोठे झाले, आणि दमयंतीनं हात आणखी घट्ट केला.

एक क्षणच असेल. मग तिनं हात झटकन काढला. मुलीला पालथं करून पाठीवर थापट्या मारल्या. भाताचं शीत बाहेर पडलं आणि नुपूरनं असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. दाराबाहेर मात्र आता कुणी नव्हतं. टपालपेटीत एक चिठ्ठी होती. दुपारी नयनानं शाळेतून येऊन ती वाचली. "गॅसचा अलार्म चेक करायला आले होते. नोटीस आधीच दिली होती म्हणे. आई, तू दार का नाही उघडलंस?"

दमयंती हात धूत होती. किती वेळ धूत होती कोण जाणे. संध्याकाळी स्वरूपा आली तेव्हा घडलेलं तिला सांगायचं तिनं ठरवलं होतं, पण तिचं तोंड उघडेना. नुपूर हसत आईकडे धावली. दमयंती म्हणाली, "आज थोडा ठसका लागला होता जेवताना." एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिनं तिन्ही मुलांच्या घरी निरोप दिला की सोमवारी मुलं आणू नका. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही.

सोमवारी ती शिनागावाला गेली. तिथून बसनं बंदराजवळच्या त्या उंच इमारतीत, जिथं परदेशी लोकांच्या व्हिसाचं काम चालतं. पासपोर्ट, कार्ड, आणि आदल्या रात्री शब्दकोश घेऊन पाठ केलेली सहा-सात वाक्यं एवढी तिची तयारी. नंबरचा कागद घेऊन ती बसली. पुढे दोनशेच्या वर माणसं होती. अडीच वाजता तिचा नंबर लागला. खिडकीमागे तिच्याच वयाची एक बाई होती, चष्मा दोरीला बांधलेला.

दमयंती म्हणाली, "मला काम करायची परवानगी हवी. मुलं सांभाळण्याचं काम."

बाईनं फॉर्म दिला, तो भरून घेतला, कार्ड पाहिलं. मग मान वर न करता विचारलं, "आधी कधी केलंय का हे काम?"

"नाही" हा शब्द तिला चांगला येत होता. जपानीतला तिनं शिकलेला तो अगदी पहिल्या शब्दांपैकी एक. विजयकुमार असता तर हाच म्हण म्हणाला असता. शेजारच्या खिडकीवर एक तरुण मोठमोठ्यानं हुज्जत घालत होता.

"हो," दमयंती म्हणाली. "दीड वर्ष."

बाईनं मान वर केली. "पैसे घेऊन?"

"हो."

"परवानगी लागते, माहीत नव्हतं?"

तिचं पाठ केलेलं सगळं संपलं होतं. "माहीत होतं," ती म्हणाली. "भीती वाटली."

बाईनं पेन खाली ठेवलं आणि ती उठून आत गेली. दमयंतीला एका लहान खोलीत बसवलं. टेबल, दोन खुर्च्या, कॅलेंडर. तिचं कार्ड आत नेलं होतं. एक तास गेला, दुसरा गेला. चार वाजता नयना शाळेतून येणार आणि किल्ली शेजारी ठेवायला आपण विसरलो, हे तिला तिथं आठवलं. आपल्याला परत पाठवलं तर नयनाचं वर्ष बुडेल. विजयकुमारला ऑफिसात काय सांगावं लागेल?

पाच वाजता एक वयस्क अधिकारी आला. त्यानं सावकाश, तिला कळेल अशा जपानीत सांगितलं. काय काम केलं, किती मुलं, किती पैसे, सगळं खरं खरं लिहून आणा. पुन्हा असं करणार नाही असं लिहा. पुढच्या सोमवारी नवऱ्याला घेऊन या. निकाल लागेपर्यंत एकही मूल घरात घ्यायचं नाही. मग आम्ही विचार करू.

"काय निकाल लागेल?" तिनं विचारलं.

"ते आज सांगता येत नाही."

घरी आली तर नयना जिन्यात दप्तरावर बसली होती आणि शेजारी विजयकुमार उभा होता. नयनानं शेजारणीच्या फोनवरून त्याला बोलावून घेतलं होतं. चार वर्षांत तो पहिल्यांदाच कामाच्या दिवशी इतक्या लवकर घरी आला होता.

तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गॅसच्या माणसाचं, नुपूरच्या तोंडावर धरलेल्या हाताचंही. विजयकुमारनं मध्ये एकदाच विचारलं, "मला न विचारता गेलीस?" ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं." नयना बापाकडे बघत होती आणि आईकडे बघत होती.

"उद्या ऑफिसात सांगतो," शेवटी तो म्हणाला. "गेल्या वर्षीचा फॉर्म चुकीचा भरला म्हणून. भरावा लागेल तो कर भरू." त्याचा आवाज कोरडा होता. आठवडाभर तो घरात कामापुरतंच बोलला. पण ते कबुलीचं पत्र त्यानंच शब्द शोधून शोधून जपानीत लिहिलं, नयनानं त्यातल्या चुका काढल्या, आणि दमयंतीनं स्वतःच्या अक्षरात उतरवलं. पुढच्या सोमवारी तो सूट घालून तिच्याबरोबर शिनागावाला आला आणि त्या वयस्क अधिकाऱ्यासमोर तिच्याआधी वाकला.

आता राहिली स्वरूपा. मुलं घेणं बंद झालं त्या पहिल्या सोमवारी रात्रीच दमयंती तिच्याकडे गेली होती. ठसक्याची खरी हकिगत तिनं तेव्हा सांगितली. स्वरूपा ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं नुपूरला उचलून घेतलं आणि तिचा चेहरा, ओठ, गळा असं निरखून पाहिलं, जणू अजून काही खूण सापडेल.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि आता मी काय करू? आमच्या सॉफ्टवेअरची रिलीज आहे या महिन्यात. तुमच्याशिवाय मला कोण आहे इथं?"

स्वरूपानं आठ दिवस कसेबसे ढकलले. दोन दिवस सुट्टी, दोन दिवस घरून काम, एक दिवस मुलीला चक्क ऑफिसात टेबलाखाली झोपवून. नवव्या दिवशी तिनं तिकीट काढलं. पुण्याला जाऊन, नुपूरला आईकडे ठेवून चार दिवसांत परत आली. येताना ढकलगाडी तिकडेच ठेवून आली. दमयंतीनं तिला स्टेशनवरून एकटी येताना बाल्कनीतून पाहिलं आणि ती आत सरकली. जे होऊ नये म्हणून आपण हे केलं, नेमकं तेच झालं, हा विचार तिनं कितीही झटकला तरी जाईना. तिला जेवण जाईना. दुपारी घर इतकं शांत असायचं की खालच्या रस्त्यावरचा पादचाऱ्यांचा सिग्नल वाजलेला ऐकू यायचा.

नोव्हेंबरच्या बावीस तारखेला व्हिसाच्या ऑफिसातून पोस्टकार्ड आलं. दमयंतीनं ते नयना येईपर्यंत उघडं टेबलावर ठेवलं. स्वतः वाचायचा धीर होईना. परवानगी मिळाली होती. आठवड्याला ठरावीक तास, त्याहून जास्त नाही. सक्त ताकीद दिल्याची नोंद राहील, असंही होतं. जानेवारीत तिघांचा व्हिसा झाला, तीन वर्षांऐवजी एकच वर्षाचा. विजयकुमारनं मागचा कर भरला आणि त्या नोव्हेंबरच्या फॉर्मवर बायकोच्या नावापुढे पहिल्यांदा शून्याखेरीज काही लिहिलं.

ते तास मुलांत वाटायचे, म्हणून तिला तीनऐवजी दोनच मुलं घेता येणार होती. तिनं एका मुलाला होकार दिला. दुसरी जागा कुणाला दिली नाही. दोघीजणी विचारून गेल्या, तिनं "बघते" म्हटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी स्वरूपा नुपूरला परत घेऊन आली. वॉर्डाच्या यादीत नंबर अजून लागला नव्हता. दमयंतीनं आता केलेली सही कंपनीनं मुदत टळल्यावरही घेतली, पण सवलत परवानगीच्या तारखेपासून पुढेच मिळणार होती, मागचे महिने गेले ते गेलेच. रविवारी दुपारी ती मुलीचा हात धरून आली. नुपूर आता घडाघडा मराठी बोलत होती. तिनं दमयंतीकडे पाहिलं आणि ती आईच्या पायांमागे गेली.

"मलाही दोन दिवस अशीच करत होती," स्वरूपा म्हणाली. "विमानतळावर आजीच्या गळ्यात पडून ओरडत होती. माझ्याकडे येईना."

दमयंती खाली बसली, पण हात पुढे केले नाहीत. "राहू दे. तिचं तिला येऊ दे."

नुपूरनं पायांमागून डोकं बाहेर काढलं, पुन्हा आत घेतलं.

"माझ्यावरचा राग गेला का गं?" दमयंतीनं विचारलं.

स्वरूपानं जरा विचार केला. "नाही गेला, ताई. खोटं कशाला बोलू." मग तिनं नुपूरच्या जाकिटाची चेन वर ओढली. "उद्या आठला आणते. पहिले काही दिवस मी अर्धा तास बसेन इथंच. चालेल ना?"

"बस," दमयंती म्हणाली. "चहा ठेवते तुझा."